डोळ्यामागची खिडकी

सुईकाका शिंपी नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नाव ऐकून निम्मी माणसं तसंच समजायची. एकदा तर संग्रहालयात नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांनी कोटाचं तुटलेलं बटण त्यांच्यापुढे धरलं होतं. काकांनी ते शिवूनही दिलं. वाद घालत बसण्यापेक्षा चार टाके घातलेले परवडले, असा त्यांचा स्वभाव होता.

त्यांचं खरं काम दगडातून हाडं सोडवण्याचं. तळघरात, जिन्याच्या डाव्या अंगाला त्यांची खोली. खोलीत टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्याखाली वाळू भरलेली छोटी उशी आणि उशीवर दगड. लाकडी मुठीत बसवलेली पोलादी सुई हातात घ्यायची, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि हाडाला चिकटलेला दगड कणाकणाने उकरायचा. कण सुटला की कुंचल्याने झाडायचा. हाड उघडं पडलं की त्यावर पातळ डिंकाचा थेंब सोडायचा, नाहीतर त्याचा भुगा झालाच म्हणून समजा. अंगठ्याच्या नखाएवढी जागा साफ करायला आठवडा जातो. तुमच्या-माझ्यासारख्याला पहिल्याच दिवशी वेड लागेल. काकांनी त्यात उभी हयात घालवली आणि कधी कुरकुर म्हणून केली नाही.

कारण त्या कामात एक सुख होतं. सुईच्या टोकापुढे जे उघडं पडायचं, ते त्याआधी कोणाही माणसाने पाहिलेलं नसायचं. पहिली नजर काकांची! मग संध्याकाळी घरी जायचं आणि बायकोला सांगायचं. बायकोला हाडांतलं ओ की ठो कळत नसे. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती विचारायची, "आज काय निघालं?"

"दात."

"कोणाचा?"

"बेडकाच्या एका लांबच्या चुलत्याचा."

"दात होते मेल्याला? मग तो बेडूक कसला?"

की झालं! दोघांची जी जुंपायची, ती ताटातलं गार होईपर्यंत. बायको गेली त्याला आता काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक थोरली बहीण होती, पण ती लांब राहायची आणि तिच्या गुडघ्यांनी तिला घराबाहेर पडू दिलं नसतं. घड्या आता काका स्वतःच घालायचे, आणि काय निघालं हे कोणी विचारत नसे.

अशात तो दगड आला. कोळशाच्या खाणीच्या कडेला एका झाडाचा बुंधा सापडला होता. लाकूड कसलं, सगळा दगडच झालेला. तीस कोटी वर्षांपूर्वी ते झाड आतून कुजून पोकळ झालं आणि त्या पोकळीत पालीएवढा एक प्राणी पडला. बिचाऱ्याला काही वर येता आलं नाही. वरून गाळ आला, गाळाचा दगड झाला, आणि त्या दगडात त्याची कवटी तशीच राहिली.

हा प्राणी कोण, हे वरच्या मजल्यावरच्या संशोधक मॅडमना हवं होतं. त्यांनी काकांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्या काळी काही प्राणी नुकतेच पाणी सोडून कायमचे कोरड्यात राहायला लागले होते, अंडीसुद्धा कोरड्यातच घालू लागले होते. लवकरच त्यांच्यात दोन घराणी पडली. एकातून पुढे पाली, साप, मगरी आणि पक्षी झाले. दुसऱ्यातून सगळी केसाळ मंडळी झाली, म्हणजे उंदीर, गाई, हत्ती आणि आपण. पण सुरुवातीला दोन्हीकडचे दिसायला सारखेच, चार पाय आणि एक शेपूट. मग ओळखायचं कसं? तर डोळ्यामागे बघायचं. आपल्या घराण्याच्या कवटीला डोळ्यामागे एक भोक असतं, जबड्याचे स्नायू मोकळे हलावेत म्हणून. मॅडम त्याला खिडकी म्हणायच्या. दुसऱ्या घराण्यात आधी खिडकीच नव्हती, पुढे दोन-दोन आल्या.

"म्हणजे खिडक्या मोजल्या की घराणं कळलं," काका म्हणाले.

"बरोब्बर! आणि एवढ्या जुन्या थरात आपल्या घराण्यातलं कोणी मिळणं म्हणजे लॉटरीच. काढा बघू खिडकी बाहेर!"

काकांनी काम सुरू केलं ते नाकाच्या टोकापासून. त्यांची पद्धतच तशी. सरळ डोळ्यामागे सुई खुपसायची म्हणजे तोंडओळख नसलेल्याच्या घरात मागच्या दाराने शिरणं, असं ते म्हणायचे. बऱ्याच दिवसांनी नाकपुडी मोकळी झाली, मग दातांची ओळ. आणि तेवढ्यात वरती ते यंत्र येऊन दाखल झालं.

मोठं थोरलं धूड होतं. त्यात दगड ठेवला की न फोडता आतलं सगळं पडद्यावर दिसायचं. मॅडमनी काकांचा दगड वर नेला, यंत्रात घातला आणि एका दुपारीत अख्खी कवटी पडद्यावर उभी केली. वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या काकांना तळघरात ऐकू आल्या. थोड्या वेळाने मॅडम दगड घेऊन जिना उतरल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काका, ऐका तर—"

काकांनी हात वर केला. "एक शब्द बोलू नका."

"अहो, पण—"

"मॅडम, पाया पडतो. मला सांगू नका. दालनात ठेवायला खरं हाड लागणारच आहे ना तुम्हाला? मग ते मलाच सोडवायचंय. मी सुईने तिथवर पोचेन तेव्हा बघेन. तोवर मला कोणी काही सांगायचं नाही."

मॅडमना आधी गंमत वाटली. मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. काकांच्या हातून जगातली पहिली नजर गेली होती, पण स्वतःची पहिली नजर अजून शिल्लक होती. बायको गेल्यापासून त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय? तेवढी एक गोष्ट कोणी हिसकावू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मॅडमनी सगळ्या इमारतीला ताकीद दिली. आणि मग कँटीनमध्ये जो तमाशा सुरू झाला, तो विचारू नका! गल्ल्यावरचा म्हातारा काकांचा जुना दोस्त. काका आत आले की तो सवयीने बोटं वर करून विचारायचा, "एक की दोन?" म्हणजे चहा. ताकीद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तसंच विचारलं आणि हिशेब खात्यातले भाऊसाहेब खुर्चीवरून ओरडले, "बोटं खाली घ्या!" म्हाताऱ्याने हात पाठीमागे लपवला. सगळे हसले, काकाही हसले. मात्र त्या दिवसापासून काकांसमोर आकडा उच्चारायची चोरी झाली. कोणाला मुलगी झाली की मुलगा, हे चाललं असताना काका आले की सगळे चिडीचूप. न जाणो, कोणाच्या तोंडून काय निसटायचं. मॅडम तर जिन्यात दिसल्या तरी ओठ घट्ट मिटून घ्यायच्या आणि हसून निघून जायच्या.

थोडे दिवस मजा आली. पण किती दिवस? आपण आत पाऊल टाकावं आणि टेबलावरच्या गप्पा बंद व्हाव्यात, हे रोज कोणाला आवडेल? काकांना वाटलं, आपल्यापायी या लोकांना धड बोलता येईना. ते डबा तळघरातच खायला लागले. चहाचा थर्मास घरून आणू लागले. वर्तमानपत्र बंद केलं, कारण त्यात छापून आलं असेल तर? सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर निघायचं. दिवसभर सुईचा तेवढा किरकिर आवाज. कधीकधी ते त्या प्राण्याशीच बोलायचे. "काय रे लेका, पडलास कसा त्या खड्ड्यात? आणि हाक मारली असशील तर कोणाला?" प्राणी कशाला उत्तर देतोय! दात मोकळे झाले, गाल मोकळा झाला, डोळ्याची खोबण अर्धी झाली. बाहेर ऋतू बदलले ते काकांना फक्त तळघराच्या ओलीवरून कळले.

शेवटी एका सकाळी सुई खोबणीच्या मागे पोचली. आधी हाडाची पट्टी लागली, काळी आणि गुळगुळीत. तिच्यामागे सुई मऊ दगडात शिरली. त्यांनी कडेकडेने उकरलं, झाडलं, थेंब सोडला, पुन्हा उकरलं. खाली कड होती. वरही कड होती. गोल फिरून ती परत पट्टीलाच येऊन मिळाली. तिच्या वरचं हाड सलग, कुठे फट नाही. काकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. डोळ्यामागे एकच खिडकी होती!

"आपल्यातला आहेस तू," ते मोठ्याने म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. मग ते ताडकन उठले आणि जिन्याच्या पायऱ्या चढत, धापा टाकत, थेट कँटीनमध्ये जाऊन उभे राहिले.

"एक!" ते ओरडले. "एकच आहे!"

भाऊसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "सुटलो बुवा एकदाचे!" सगळे एकदम बोलायला लागले. कोणी सांगितलं की आपण एकदा जवळजवळ बोलून गेलोच होतो. कोणी आपल्या बायकोलाही बजावून ठेवलं होतं. मॅडम पुढे आल्या, काकांचे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, "मी मनापासून वाट बघत होते, काका." आणि त्या खरंच बोलत होत्या. पण काकांना जे सांगायचं होतं, ती कड कशी फिरली, ती पट्टी किती काळी, ते कोणाला सांगणार? त्या खिडकीवर या सगळ्यांनी महिनोन्महिने बोलून घेतलं होतं. त्यांच्या लेखी ही बातमी केव्हाच शिळी झाली होती. चहा येईतो भाऊसाहेब बदल्यांच्या यादीवर घसरले आणि बाकीचेही त्यांच्यामागून गेले.

काकांनी गल्ल्याकडे पाहिलं. तिथे एक अनोळखी तरुण माणूस बसला होता.

"आपला म्हातारा कुठाय?"

टेबल पुन्हा गप्प झालं, पण या वेळी वेगळंच. "काका, ते गेले ना निवृत्त होऊन," मॅडम हळूच म्हणाल्या. "पावसाआधीच. मुलाकडे राहायला गेले, दूर."

"निरोप समारंभ झाला असेल."

"झाला. ते तुमची चौकशी करत होते. तळघराच्या दारापर्यंत आलेसुद्धा होते. पण म्हणाले, माझ्या तोंडाचा काही भरवसा नाही, त्याची मेहनत वाया जायची. तसेच मागे फिरले."

काकांनी मान हलवली. चहा तसाच ठेवून ते बाहेर व्हरांड्यात आले आणि खिशातून फोन काढला. जगात एक माणूस अजून उरलं होतं ज्याला खिडकीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी ताईला फोन लावला.

"या वेळी कसा रे फोन?" ताई घाबरून म्हणाली. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही गं. सापडलाय. आपल्या घराण्यातला, फार जुना."

"आपल्या? वडिलांकडचा की आईकडचा?"

काकांना हसू आलं. त्यांनी सगळं सांगितलं. झाड, खड्डा, दोन घराणी, खिडक्या, यंत्र, आणि आपण सगळ्यांना कसं गप्प बसवलं ते. ताई मधून मधून हं हं करत राहिली.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तू विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही विचारलं."

"आणि त्यांनीही सांगितलं नाही."

"नाही. शब्दाची पक्की माणसं आहेत."

"ते झालं रे धाकट्या. पण मग इतके महिने तू बोललास कोणाशी?"

काकांनी आठवून पाहिलं. दूधवाल्याला उद्या जास्त दे म्हणून सांगितलं होतं. शेजाऱ्याला जिन्यातल्या दिव्याबद्दल काहीतरी म्हटलं होतं. आणि त्या प्राण्याशी.

"कोणाशी नाही, ताई," ते म्हणाले. "मला फार एकटं वाटतं गं. ती गेल्यापासून फार एकटं वाटतं."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं," ताई म्हणाली. "बसले मी. आता बोल."