मी लिहिलेलं उत्तर सभागृहात वाचलं गेलं

बायको म्हणते, माझ्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. खरंय तिचं. भाजीवालीनं मापात किती मारलं इथपासून कोणत्या साहेबाची बदली कुठं होणार इथपर्यंत सगळं मी घरी गेल्या गेल्या सांगून मोकळा व्हायचो. पण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही, पोरांना नाही, मित्रांना नाही. आज तुम्हाला सांगून राह्यलो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

मी मूळचा तीर्थपुरीचा. नोकरी सगळी जालन्याजवळ, सरकारी विद्यापीठाच्या उपकेंद्रात — आधी लिपिक, मंग वरिष्ठ लिपिक, शेवटी अधीक्षक. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. आपली ख्याती एकच होती, मसुदा. वरून कडक पत्र आलं की ते माझ्याच टेबलावर यायचं. सापही मेला पाहिजे आणि काठीही तुटली नाही पाहिजे, असं उत्तर लिहावं तर भाऊसाहेबांनीच. मला ते आवडायचं. का आवडू नये? माणसाला एक तरी गोष्ट बराबर जमली पाहिजे.

उपकेंद्राच्या मागं मुलींच्या वसतिगृहाची इमारत आहे. बांधून झाली, रंग झाला आणि तिथंच थांबली. पाण्याची लाईन नाही, विजेचं मीटर नाही, मुलींवर लक्ष ठेवायला बाई नेमायची तर ते पदच मंजूर नाही. आत मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खणात.

एका वर्षी तपासणी समिती येणार होती. भला मोठा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना — मुलींचे वसतिगृह आहे काय? मी लिहिलं, ‘होय. कार्यान्वित.’ म्हणजे सुरू आहे. शेजारी माझी छोटी सही. समिती आली, भाकरी आणि वांग्याचं भरीत आवडीनं खाल्लं, शाली घेतल्या आणि गेली. मागच्या बाभळीत जाऊन कोण बघणार होतं? कुणी बघितलं नाही. मीही ते विसरून गेल्तो.

पण ही ती गोष्ट नव्हे. एवढ्याशा खोट्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

आमच्याकडं नसीम मॅडम होत्या. भौतिकशास्त्र शिकवायच्या, तेही तासिकेवर — जेवढे तास घेतले तेवढाच पगार आणि दर वर्षी नवा नेमणुकीचा आदेश. बाई बारीक, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातल्या मुली प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळतात, कारण शेवटची एसटी चुकली तर घरी जायचं कसं? आणि पहिलं वर्ष झालं की त्यातल्या बऱ्याच येतच नाहीत. दुसरं कुणी असतं तर हळहळलं असतं आणि चहा प्यायला गेलं असतं. ह्या बाई स्कूटीवर बसून मुलींच्या घरोघर गेल्या. केदारखेड्यापर्यंत गेल्या. कोणत्या मुलीनं का सोडलं, आईबाप काय म्हणतात, सगळं वहीत लिहून आणलं. प्रत्येक घरी एकच उत्तर होतं — राहायची सोय करा, मंग पाठवतो.

मंग त्या आमदारसाहेबांच्या बंगल्यावर जायला लागल्या. तिथं सकाळी कशी गर्दी असते तुम्हाला माहीत आहे — कुणाचा ट्रान्स्फॉर्मर, कुणाचा रस्ता. त्यात ही बाई वही घेऊन उभी. महिनाभर गेल्या असतील. शेवटी आमदार म्हणाले, अर्ज द्या, अधिवेशनात प्रश्न टाकतो.

अर्ज घेऊन मॅडम माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “भाऊसाहेब, माझं शिक्षण उर्दूतून झालं. सरकारी मराठी जमत न्हाई. जरा बघता का?”

मी नुसता बघितला नाही, सगळा नव्यानं लिहून दिला. वसतिगृह बंद असल्याने ग्रामीण विद्यार्थिनींचे शिक्षण खंडित होत आहे, सबब पुरवणी मागण्यांत निधीची तरतूद व्हावी. फार सुंदर अर्ज झाल्ता. अर्जातला शब्दन् शब्द खरा होता, आणि लिहिताना मला मनापासून वाटत होतं की ह्या पोरींची सोय झाली पाहिजे. हे मुद्दाम सांगतोय. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

आमदारांनी शब्द पाळला. प्रश्न लागला. आता विधानसभेच्या प्रश्नाचं उत्तर मंत्री देतात असं लोकांना वाटतं. मंत्री वाचतात हो. लिहितो कोण? मंत्रालयातून कागद निघतो, पुण्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत येतो, विद्यापीठात येतो, आणि पायरी पायरी उतरत ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याच कचेरीत येतो. त्या दिवशी सकाळी अकराला तो माझ्याकडं आला. वर ‘तात्काळ’, दुपारी दोनपर्यंत उत्तर. उपकेंद्रातील मुलींचे वसतिगृह बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते सुरू करण्यासाठी निधी देण्याबाबत शासनाने काय केले?

वाक्यं ओळखीची वाटली. वाटणारच — माझीच होती.

आमच्या कामाची एक रीत आहे. प्रश्न आला की खिडकीतून बाहेर बघायचं नाही, मागची फाईल काढायची. मागं काय लिहून दिलंय ते बघायचं आणि त्याला धक्का लागणार नाही असं उत्तर द्यायचं. मी फाईल काढली. त्यात समितीचा फॉर्म. ‘कार्यान्वित’. आणि माझी छोटी सही.

अशा प्रश्नाला तीन उत्तरं असतात. हे खरे आहे. हे अंशतः खरे आहे. हे खरे नाही. पहिलं लिहिलं तर विचारतील, मंग तेव्हा हे कुणी लिहिलं? दुसरं लिहिलं तर खुलासा मागतील, फिरून तिथंच येतील. मला काय झालं असतं? एक नोटीस. फार तर वेतनवाढ थांबली असती. माझ्या बढतीचा कागद त्या वेळी वर गेल्ता, तो अडकला असता. फाशी तर कुणी दिली नसती. तिन्ही उत्तरं समोर होती आणि विचार करायला पुष्कळ वेळ होता. मी हात धुऊन आलो, बसलो आणि लिहिलं — हे खरे नाही. वसतिगृह कार्यान्वित आहे. सबब निधीचा प्रश्न उद्भवत नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत आलो, की वरून दबाव होता, संचालकांना उपकेंद्राची बदनामी नको होती, आपण काय, हुकमाचे ताबेदार. बिलकुल नाही. संचालक सर गावाला निघाले होते. मी कागद गाडीपाशी नेला. त्यांनी विचारलं, “तुम्ही बघितलंय ना भाऊसाहेब?” मी म्हणालो, हो सर. त्यांनी न वाचता सही केली. तो दबाव मी नंतर तयार केला.

उत्तर सभागृहात वाचलं गेलं. मोबाइलवर ऐकलं मी. मंत्र्यांनी काना-मात्रेचा फरक न करता माझं वाक्य वाचलं, आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आपलं वाक्य राज्याच्या सभागृहात! आमदार खाली बसले. निधी आला नाही.

आमदारांनी नंतर चारचौघांत मॅडमला सुनावलं, की तुमच्यामुळं मी तोंडघशी पडलो. विद्यापीठात बोलणं पसरलं की ही बाई संस्थेची खोटी तक्रार करते. पुढच्या वर्षी त्यांच्या नेमणुकीचा आदेश निघाला नाही. जायच्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, “मुंबईतल्या कुणीतरी न बघता लिहिलं असणार. तुमच्या हातात तो कागद आला असता ना भाऊसाहेब, तर असं झालं नसतं.” मी चहा मागवला. म्हणालो, मुंबईवाले असेच असतात मॅडम. त्या आता शहागडला हायवेवर क्लासेस घेतात असं ऐकतो. मी कधी गेलो नाही.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अजून एक दुपार राहिली.

जून महिना होता. दारात एक माणूस उभा राहिला, बरोबर मुलगी. केदारखेड्याचे. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, बोटांना वार्निशचा वास येत होता. मुलीचं नाव शीतल. अर्ज लिहिताना मॅडमच्या वहीत हे नाव मी वाचल्तं — हुशार आहे, वडील म्हणतात सोय झाली तर पाठवतो. मुलीच्या हातात वळकटी आणि नवी कोरी बादली, तिच्यावरचं स्टिकरसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. माणसानं खिशातून पेपरचं कात्रण काढून माझ्यापुढं ठेवलं. वसतिगृह सुरू असल्याची मंत्र्यांची माहिती.

“मॅडम त म्हणायच्या बंद हाय,” तो म्हणाला. “पर मंत्री खोटं कशाला बोलतील? म्हून पोरीला घेऊनच आलो.”

तुम्हीच सांगा, काय बोलायचं होतं तिथं? न सांगताही कळतंय, नाही का? मलाही कळत होतं. मी म्हणालो, “उशीर केला तुम्ही. जागा भरल्या.”

त्याचा चेहरा उतरला, पण माझ्यावर नाही, स्वतःवर चिडला तो. परवाच यायला पायजे होतं, म्हणाला. मंग म्हणाला, बाहेरून तरी दाखवा पोरीला. मी खिडकीतून बोट दाखवलं. रंग चांगला होता इमारतीचा, लांबून कुलूप दिसत नाही. मुलगी बादली धरून बघत राहिली. मंग हळूच म्हणाली, “चांगलंय.”

“मंग पुढल्या साली पैला नंबर आमचा लावा साहेब,” बाप म्हणाला. मी कोरा कागद घेतला, वर ‘प्रतीक्षा यादी’ लिहिलं आणि खाली तिचं नाव, गाव, मोबाइल नंबर लिहून घेतला. अक्षर माझं चांगलं आहे. माझाही नंबर त्याला दिला.

पुढच्या जूनमध्ये त्याचा फोन आला. मी म्हणालो, यंदाही भरल्या. त्याच्या पुढच्या जूनमध्ये आला, तेव्हाही तेच सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा माझे आभार मानले.

तिसऱ्या वर्षी जून गेला, जुलै गेला, फोन आला नाही. आता ती शिकायला येणार नाही, हे मला कळलं. आणि मला हायसं वाटलं.