डबेवाल्या, तवेवाल्या आणि अक्का

आमच्या गल्लीतल्या अक्कांनी जगातल्या बायकांचे दोनच प्रकार केले होते: डबेवाल्या आणि तवेवाल्या. सगळ्यांच्या आधी स्वतःचं जेवण भरून घेते ती डबेवाली, सगळ्यांच्या नंतर जेवते ती तवेवाली. अक्का तवेवाली. मी डबेवाली, त्यात आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., म्हणून ‘मॅडम’. हा शब्द त्या इतक्या आदरानं उच्चारायच्या, की त्यापेक्षा शिवी बरी वाटावी.

गल्लीतल्या समस्त डबेवाल्यांच्या किल्ल्या अक्कांच्या कमरेला असत. सिलिंडर त्यांनी उतरवून घ्यायचा, कुरिअर त्यांनी घ्यायचं, शाळेतून आलेली पोरं त्यांच्याच ओट्यावर. मोबदला एकच, संध्याकाळी ऑफिसातल्या बातम्या. “आज काहीच झालं नाही? मग उद्या सिलिंडर परत जाईल हं, मॅडम.” आमच्या साहेबांच्या कितीतरी भानगडी मी केवळ गॅससाठी रचल्या आहेत.

जळगावात उन्हाळा म्हणजे बिबडे, ज्वारीचे पापड. पहाटे ज्वारीचा घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या कापडावर थापून मोकळं व्हायचं. एकटीचं काम नाही. तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येते, असा फेडीचा रिवाज. मला ते कुठून जमणार? एका वर्षी मी स्वतः जाण्याऐवजी पेढे पाठवले. अक्का पेढा खात म्हणाल्या, “छान आहे. पण मॅडम, पेढा काही थापायला बसत नाही.” त्यांचं खरं होतं, पण माझंही खोटं नव्हतं. सकाळी मला हात दोनच असतात. त्या वर्षी माझ्याकडे कोणी आलं नाही. मी बिबडे बाजारातून आणले आणि ताठ मानेनं खाल्ले.

अक्कांची सून वैशाली शिकलेली. नवरा धुळ्याला कंपनीत, ही इथे सासूच्या हाताखाली. गेल्या उन्हाळ्यात तिला धुळ्यातच एका लॅबमध्ये नोकरी लागली. आठवड्याभरात हजर व्हायचं होतं. सासरे, म्हणजे नाना, म्हणाले, “घरमा काय कमी शे?” विषय संपला. अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही गल्लीवाल्या मात्र सावध झालो.

दुसऱ्या दिवशी अक्का घरोघर सांगून आल्या, “यंदा आमच्याकडून दोघी येणार. सूनबाई आता पक्की तवेवाली!” रोज पहाटे सासू-सून कोणाच्या तरी गच्चीवर. नाना उठायचे तेव्हा चूल थंड. “पातेल्यात चहा आहे, गाळून घ्या,” एवढा निरोप, आणि सोबत कावळे हाकलायला काठी, कारण घरचे बिबडेही वाळत होते. कोणी काही बोलायची सोय नव्हती. फेडीचं काम होतं ना!

घरं संपत आली, तशा एका सकाळी दोघी भिजवलेली ज्वारी घेऊन माझ्याच दारात.

“अक्का, माझ्याकडून फेड व्हायची नाही,” मी म्हटलं.

“फेड नानांकडून चालली आहे. तू घाटा हलव.”

निम्मे थापून झाले नसतील, तोच खाली काठीसकट नाना. “ए, तिले जाऊ दे धुळाले! निदान तू तरी घर ये!”

वैशालीचे हात थांबले. अक्कांनी मानसुद्धा वर केली नाही. मला हळूच म्हणाल्या, “उरलेले जरा जाड थाप. घाई झाली आता.”

वैशाली निघाली त्या सकाळी मी ऑफिसला जाता जाता स्टँडवर गेले. ती रडत होती, अक्का तिला दटावत होत्या, “रडून लॅबमध्ये जाशील तर तुझंच रक्त तपासतील.” धुळ्याची गाडी सुटली, वळली, दिसेनाशी झाली. सोबत आलेले नाना म्हणाले, “चाल, भूक लागनी.”

पदराचं टोक मुठीत धरून अक्का गाडी गेली तिकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जा, उशीर होईल तुला. पण संध्याकाळी लवकर ये. आज घर खायला उठेल.”

त्या दिवशी मी साहेबांना न विचारताच ऑफिसातून लवकर निघाले.