घरगाडीची कोरडी अंघोळ

गाडी दारात आली त्याच दिवशी मी दोन अटी घातल्या. एक, घरातल्या पाण्याचा थेंबही तिला लागता कामा नये. दोन, ती दारात मळकी उभी राहता कामा नये. दोन्हींपैकी एक जरी मोडली तरी गाडी विकायची. यांनी दोन्ही अटी तिथल्या तिथं मान्य केल्या. त्या क्षणी यांनी काहीही मान्य केलं असतं. किल्ली हातात धरून उभे होते आणि चहा निवून गेला तरी त्याकडे लक्ष नव्हतं.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. आम्ही जालन्यात राहत होतो. मी शाळेत गणित शिकवायचे आणि हे एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लांटात सुपरवायझर होते. गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस, कुठल्याशा शाळेची पोरं वाहून थकलेली. यांनी तिच्या सीटा काढून दोन्ही बाजूंना घडीच्या फळ्या बसवल्या, त्यांवर गाद्या घातल्या, मागे शेगडीसाठी छोटा ओटा केला आणि नळ लावलेला पाण्याचा कॅन बांधला. बाहेरून गडद निळा रंग दिला, तोही स्वतः शेजारी उभं राहून मारून घेतला. मला विचारलं ते फक्त पडद्यांचं. मी दोन जुन्या साड्या काढून दिल्या.

मे महिन्याच्या सुटीत या गाडीतून कोकणात जायचं, समुद्र बघायचा, वाटेत हवं तिथं थांबून भाकरी थापायच्या, असा यांचा बेत होता. भाकरी कोण थापणार हे बेतात लिहिलेलं नव्हतं. केदारखेड्याच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनाही सोबत न्यायचं ठरलं. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. 'घरगाडी' हे नाव त्यांचंच. "घरच हाय की गं," गाडीत चढून गादी दाबून पाहत त्या म्हणाल्या होत्या. "निस्तं चाकावर ठिवलंय."

आता माझ्या अटी कुणाला जाचक वाटतील, पण त्यांनी आमचा नळ पाहिलेला नाही. त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. ते हौदात, पिंपांत, हंड्यांत आणि शेवटी पातेल्यांत भरून ठेवायचं. आमच्या घरात पाणी एकदा वापरून फेकलं असं कधी होत नसे. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी दारातल्या कढीपत्त्याला. उन्हाळ्यात तर भांडीसुद्धा राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची. जाऊबाई गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून डब्यातून पाठवायच्या. ताट असं लखलखायचं की पाहुणा त्यात भांग पाडून घेईल. अशा घरात मिनीबसला अंघोळ घालायची म्हणजे आठवडाभर माणसांनी पारोसं राहायचं. गणित सोपं होतं.

अटी मान्य करून झाल्यावर यांना जालना आठवलं. इथं काळ्या मातीची धूळ उडते आणि एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलांची काजळी तिच्यावर येऊन बसते. निळी गाडी तीन दिवसांत राखाडी झाली. त्यातच एका रस्त्याच्या कंत्राटदाराला ती आवडली. कामावर मुकादमाला राहायला अशीच गाडी हवी होती म्हणे. होळीनंतर तो दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा यांनी त्याला चहा पाजला आणि दोन्ही वेळा मी मुद्दाम बाहेर येऊन गाडीवर बोट फिरवलं आणि ते बोट यांना दाखवलं.

तेव्हा पुण्याला नोकरी करणारा पुतण्या, म्हणजे जाऊबाईंचा मुलगा, धावून आला. येताना फवाऱ्याची एक बाटली घेऊन आला. "काकू, पाण्याशिवाय गाडी धुवायचं औषध आहे हे." बाटलीवरची इंग्रजी सूचना मीच मोठ्यानं वाचून सर्वांना मराठीत समजावली. फवारा मारा, थोडं थांबा, मऊ कापडानं मळ अलगद उचला, घासू नका, कापडाची घडी बदलत राहा, चिखलाच्या थराला वापरू नका. मी समजावून सांगितलेलं वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत कळतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं काय झालं ते या पार्श्वभूमीवर अधिक लाजिरवाणं आहे.

यांना मात्र बाटली बघून बरंच बळ आलं. "आमच्या प्लांटात बियाणं काय पाण्यानं धुतात?" हे म्हणाले. "वारा घालायचा, चाळायचं, हलक्या हातानं घ्यायचं. धूळ बियाला चिकटलेली नसते, बसलेली असते. बसलेल्याला उठवायचं, बस्स."

आणि यांनी खरोखरच धूळ उठवली. रोज सकाळी सहाला हे माझं सूप घेऊन बाहेर जायचे आणि मिनीबसला वारा घालायचे. आधी टप, मग बाजू, मग बॉनेट. सुपानं गाडी पाखडणारा माणूस आमच्या गल्लीनं त्याआधी पाहिला नव्हता. दूधवाला सायकल टेकवून बघत उभा राहायचा. वारा घालून झाला की हातभर जागेवर फवारा, मग शंभरपर्यंत आकडे मोजणं, मग माझ्या सुती साडीचं फडकं आठ पदरी दुमडून एका दिशेनं एकच हात. मग नवी घडी. एका दरवाजाला अर्धा तास.

"तेवढ्या वेळात मी अख्ख्या घराची भांडी करते," मी ओट्यावरून म्हणायचे.

"म्हणून तर तुमच्या ताटांवर गोल गोल रेघा असतात, मास्तरीणबाई."

"रेघा असू द्या. स्वच्छ तर असतात."

"असतात," हे म्हणायचे आणि फडक्याची घडी बदलायचे.

गाडी मात्र चमकत होती, हे मला कबूल करावं लागलं. मोठ्यानं नाही, मनात.

एप्रिलच्या शेवटी कंत्राटदाराचा निरोप आला, रविवारी संध्याकाळी येतो, हो की नाही ते सांगा. यांनी उलट कळवलं, या, गाडी आणि अट दोन्ही बघून जा. शनिवारी दुपारी आकाश तांबूस झालं आणि धुळीचं वादळ असं आलं की घरातल्या बंद कपाटातल्या कपबशांवरसुद्धा थर बसला. गाडीचा रंग कोणता, हे ओळखायला ओरखडून बघावं लागलं असतं. रविवारी सकाळी हे सूप घेऊन निघाले तोच प्लांटातून बोलावणं आलं. पेरणीच्या आधीचे दिवस, बियाण्याच्या थैल्या भरायची घाई, नाही म्हणायची सोय नव्हती. यांनी सूप दारात ठेवलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटर चालू केली.

अटीप्रमाणे मी जिंकले होते. पण मुलाला दुसरीकडे कामाला पाठवायचं आणि मग पेपर कोरा म्हणून नापास करायचं, हे मी कधी केलेलं नाही. शिवाय त्याच दुपारी जाऊबाई केदारखेड्याहून एसटीनं आल्या, सुटीसाठी म्हणून आठवडाभर आधीच. हातात पिशवी आणि राखेचा नवा डबा.

"काय झालं गं, अशी काऊन बसली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग आपुन पुसू की. दोन बायामाणसं. कितीक वेळ लागंल?"

"अर्धा तास," मी म्हणाले. तो आकडा मी दोन महिने मनात धरून होते.

सूप मी बाजूला ठेवलं. सरळ फवारा मारला आणि पुसायला घेतलं. एका बाजूच्या निम्म्यापर्यंत पोचलो आणि बाटली खडखडायला लागली. हे शंभर दिवस पुरवणार होते ती बाटली आम्ही दोघींनी वीस मिनिटांत संपवली.

जाऊबाईंनी राखेच्या डब्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हे आधी कुणाच्या मनात आलं यावर आमचा आजही वाद आहे.

"ताटं पुसतो तसंच," त्या म्हणाल्या. "पत्राच हाय न् तो बी."

"पाणी तर लागणार नाही," मी म्हणाले. अटीकडे माझं पूर्ण लक्ष होतं.

मग आम्ही पदर खोचले. चिमूटभर राख फडक्यावर आणि गोल गोल हात, लहानपणापासून बसलेला हात. दोघींच्या बांगड्या वाजत होत्या. जाऊबाई समुद्रावर काय काय न्यायचं ते सांगत होत्या. लोणचं, दशम्या, पाण्याचे दोन कॅन. "समिंदराचं पानी खारं असतंय म्हणत्यात, त्याचा काय भरवसा." घराच्या सावलीत गाडी अशी निळी दिसायला लागली की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं. अर्धा नाही, दीड तास लागला, पण तो आकडा मी कुणाला सांगितला नाही.

पाचच्या सुमारास ऊन घराला वळसा घालून गाडीवर आलं.

आधी जाऊबाईंना दिसलं. त्या नुसत्याच "आं" म्हणाल्या. सबंध बाजूवर, टपापासून चाकापर्यंत, बारीक गोल रेघा होत्या. एकात एक, एकावर एक, शेकडो. आमच्या घरातलं सर्वांत मोठं ताट बाहेर उभं होतं. वर खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांत पांढरी राख दाटून बसली होती.

तेवढ्यात कंत्राटदार आला. पाठोपाठ यांची स्कूटर आली. हे उतरले आणि गाडीसमोर उभे राहिले. मग वाकून एका वर्तुळावरून बोट फिरवलं, जसं मी दोन महिने फिरवत होते. फरक एवढाच की ते बोट यांनी मला दाखवलं नाही.

"डिझाईन मारलं काय?" कंत्राटदारानं विचारलं. "मारा, आपलं काही म्हणणं न्हाई. मुकादम आत झोपणार. बोला, काय ठरलं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. अट माझी होती, म्हणून उत्तरही माझ्याकडेच आलं.

"गाडी विकायची नाही," मी म्हणाले. "पाणी लागलेलं नाही आणि मळकी नाही. बघून घ्या."

त्यानं बघितलं. मळकी ती खरंच नव्हती. चहा मात्र तो पिऊन गेला. जाताना यांना म्हणाला, "बरं झालं साहेब, बाईंनी निकाल दिला. तुम्ही न्हाई म्हणायला बिलकुल तयार नव्हते आन हो म्हणायला बी."

तो गेल्यावर हे खिडकीजवळ गेले आणि पट्टीतली राख नखानं उकरून पाहिली. "ही अशीच राहिली तर रबर खाऊन टाकेल. काचा खाली-वर करताना घासतील," हे हळू म्हणाले. "पाणीच लागेल याला." आणि लगेच, "राहू द्या. काडीनं काढीन."

एवढ्या खिडक्या, आणि हा माणूस काडी घेऊन बसला तर मे संपला असता.

मी घरात गेले आणि हौदातून दोन बादल्या भरून आणल्या. नळाला अजून पाच दिवस होते. जाऊबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. हे बादल्यांकडे पाहत राहिले.

"आणि अट?" यांनी विचारलं.

"अट गाडीवाल्याला होती," मी म्हणाले. "राख घालणारीला नव्हती. सरका."

दोन्ही बादल्या मी स्वतः ओतल्या, खिडकीखिडकीवर, तांब्या-तांब्यानं. खाली घमेलं ठेवून ते पाणी पुन्हा धरायला जाऊबाईंना बसवलं. राखेचं पाणी कढीपत्त्याला चांगलं असतं. पाच दिवस आम्ही घरात कसे काढले ते सोडून देते. या काळात यांनी माझ्याकडे जास्तीचा तांब्या मागितला नाही, ही यांची सभ्यता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. पुतण्यानं दोन नव्या बाटल्या पाठवल्या होत्या. अंबडवरून शहागडला आलो तोवर गाडीवर पुन्हा धूळ होती, म्हणून गोदावरीच्या पुलाअलीकडे थांबलो. उन्हाळ्यामुळं पात्रात मोठं डबकं तेवढं उरलं होतं आणि त्यात दोन ट्रक चाकं बुडवून उभे होते. ड्रायव्हर बादल्यांनी पाणी मारत होते. यांनी गाडी वर सावलीत लावली, सूप काढलं आणि वारा घालायला सुरुवात केली.

एक ड्रायव्हर ओली लुंगी पिळत वर आला. सूप पाहिलं, बाटली पाहिली. "काका, पाणी तर समोर हाय. तुम्ही हे काय करून राह्यले?"

"घरात सक्त मनाई आहे," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तो गाडीला वळसा घालून आला. उन्हात वर्तुळं चकाकत होती. "आन हे गोल गोल काय म्हणायचं?"

"ते मनाई करणारीनं काढलंय."

जाऊबाई पडद्याआड तोंड लपवून हसत होत्या. या कामात दुसरा हात कुणाचा होता, हे सांगायला त्या बाहेर आल्या नाहीत. यांनी एक फडकं आठ पदरी दुमडलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घासायचं नाही," हे म्हणाले. "उचलायचं."

मी शंभरपर्यंत आकडे मोजले आणि उचललं.