हँडब्रेक आणि छोटी दांडी

तुमच्या गाडीचा धूर कुणाच्या घरात शिरतो, हे कधी खाली उतरून बघितलंय? नाही ना? मग इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या त्या चिपची बढाई नंतर मारा. आधी माझ्या नणंदेची गोष्ट ऐका.

आमची वस्ती टेकडीच्या अंगावर आहे. वर जायला एकच रस्ता, खडीचा, आणि मधल्या वळणावर असा उभा की चालणाराही कमरेवर हात ठेवून दम खातो. वळणाच्या खालच्या अंगाची घरं रस्त्याच्या पोटात बसलीत, त्यामुळे त्यांच्या खिडक्या थेट रस्त्याला टेकतात. पहिल्या खिडकीत शिवणवाली बसते. तिला माणसांची तोंडं दिसत नाहीत, चपला आणि चाकं दिसतात. तिच्या दारावरून मी गेले की आतून ओरडते, "अंगठा तुटलाय गं, शिवून घे चप्पल!" आणि गाडी वर चढताना धुराचं नळकांडं बरोबर तिच्या तोंडासमोर येतं. वस्तीच्या जुन्या गाडीच्या काळात तिने शिवलेले पांढरे शर्ट गिऱ्हाइकाकडे राखाडी होऊन जायचे. शर्ट धुता येतात. छाती धुता येत नाही. तिला दमा जडला.

ती जुनी गाडी भंगारात जावी म्हणून मी घसा फोडला, साहेबांच्या खोल्यांबाहेर ठाण मांडलं, "ही बाई पुन्हा आली" हे ऐकून घेतलं. शेवटी सोसायटीने नवी गाडी आणली. डिझेल, चारही चाकांना ओढ असलेली, आणि धूर अडवणारी जाळी नळकांड्यात बसवलेली. पहिल्या दिवशी गाडी वर आली तेव्हा शिवणवाली सवयीने खिडकीच्या दाराला हात लावून बसली होती. गाडी गेली. तिचा हात तसाच राहिला. मग तिने दार आणखी सताड उघडलं.

ही गाडी चालवते माझी नणंद. वस्ती तिला हँडब्रेक म्हणते, कारण एकदा नाही म्हणाली की जेसीबी लावूनही हलत नाही. तिचा नवरा ट्रकवर होता. तो तिला गाडी शिकवायला तयार नव्हता, म्हणून तो जेवायला बसला की ही ट्रक मागेपुढे करायची. त्याच्या भाकरीचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत ट्रक जागेवर. तो गेल्यावर सासरच्यांनी शिलाई मशीन देऊ केलं. ही म्हणाली, "एका चाकावर माझं भागत नाही, चार द्या." तेव्हापासून वस्तीचे आजारी, म्हातारे, सिलिंडर, पाण्याचे कॅन, सगळं हिच्या हातून वर जातं. त्या चढावर तिची गाडी कधी मागे सरकली नव्हती. हा तिचा तोरा, आणि तो तिने कमावलेला.

तर एका दुपारी भरलेली नवी गाडी त्याच वळणावर बंद पडली आणि मागे सरकली. हातभरच सरकली. पण नाक्यावरची रिकामटेकडी मंडळी बघत होती. "काय हँडब्रेक, ब्रेक विसरलीस घरी?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "बाईच्या हातात गाडी म्हटल्यावर..." पुढचं त्याने माझ्यासमोर म्हणायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी आपल्या मेहुण्याला घेऊन दारात. मेहुण्याचं गाड्या सजवायचं दुकान आहे. "काकू," मेहुणा नणंदेला म्हणाला, "इंजिनात ताकद असते, कंपनी ती बांधून ठेवते. चिप बसवली की मोकळी. चढ लोण्यासारखा."

"आणि जाळी?" मी विचारलं.

"ती काढावीच लागते, ताई. जोर वाढला की धूर वाढतो, जाळी तुंबते. आतून रिकामी करून देतो. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही."

बाहेरून पत्ता लागत नाही! ज्यांच्या नाकात जातो त्यांना लागतो की! मी बोलायला तोंड उघडलं, तोवर नणंद म्हणाली, "बसव."

ते गेल्यावर स्वयंपाकघरात आमची जुंपली.

"वन्स, खिडकीतली बाई गुदमरून मेली तरी चालेल तुम्हाला?"

"ओरडू नकोस. गाडी सरकली तेव्हा मागे कोण बसलं होतं, माहितीय?"

"कोण?"

"तीच. दवाखान्यातून आणत होते. तिने माझा खांदा असा धरला की अजून बोटं उमटलीत. खिडकीत जगवायची आणि दरीत घालवायची, असं आहे का तुझं आंदोलन?"

मी भांडी आपटायला घेतली. त्या दिवशी दोन पातेल्यांना पोचे आले. चिपने जोर वाढतो, हे मलाही माहीत होतं. मेहुणा तेवढं खरं बोलला होता. म्हणून तर डोकं फिरलं होतं.

मग मेहुण्याने प्रयोग दाखवायला स्वतःची गाडी आणली. आमच्याच बनावटीची, चिप बसवलेली, जाळी काढलेली. चालवायला तो, नणंद त्याच्या शेजारी, मी आणि सेक्रेटरी मागे, डिकीत पाण्याचे कॅन. गाडी चढ गिळत वर गेली. सेक्रेटरीने टाळ्या वाजवल्या. मी मागच्या काचेतून बघत होते. काळा लोट खाली उतरला आणि शिवणवालीची खिडकी धाडकन बंद झाली.

नणंद म्हणाली, "पुन्हा खाली घे."

"मजा आली ना, काकू?"

"घे तर खरं."

या वेळी ती रस्ता बघतच नव्हती, त्याचा हात बघत होती. चढाच्या पायथ्याशी त्याने गाडी क्षणभर थांबवली, गियरशेजारची छोटी दांडी सफाईने मागे ओढली आणि मग निघाला.

"ही कशाला ओढलीस?"

"लो आहे, काकू. वेग मरतो, ओढ वाढते. भरलेल्या गाडीला अशा चढावर लागतेच."

"मग चिप कशाला?"

तो हसला. सेक्रेटरी खिडकीबाहेर बघू लागला.

आता आमचा मूर्खपणा ऐका. जुन्या गाडीची ही दांडी गंजून कधीच जाम झाली होती. वस्तीतला प्रत्येक ड्रायव्हर तिच्याशिवायच शिकला. खालून वेग घ्यायचा आणि चढ एका दमात मारायचा, हीच आमची विद्या. नणंद त्या मेलेल्या दांडीला पिशवी अडकवायची. नवी गाडी आली, तिने पहिल्याच दिवशी नव्या दांडीला पिशवी अडकवली. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी रोज त्या पिशवीतली सुपारी खाते.

नणंद तरातरा आमच्या गाडीपाशी गेली, पिशवी काढून माझ्या अंगावर फेकली. "धर." तेवढेच कॅन, तेवढेच सिलिंडर भरले. मग शिवणवालीच्या दारात उभी राहिली. "चल, बस."

"परत सरकली तर?"

"सरकली तर शिव्या घाल. मोठ्याने घाल, नाक्यापर्यंत जाऊ दे."

मी शिवणवालीच्या स्टुलावर जाऊन बसले. गाडी सावकाश आली, गुरगुरत, एकेका दगडाला दात लावत. नळकांडं माझ्या तोंडासमोरून गेलं. पडदा हलला, तेवढाच. वरून शिवणवालीचा आवाज आला, "अगं, ही तर म्हशीसारखी चालते!" त्या चालीवर मी म्हैस ओवाळून टाकीन.

संपलं? छे! सेक्रेटरी म्हणाला, "ठराव झालाय. चिप बसवायचीच." का, तर वरच्या वस्तीतल्या गाड्यांत बसलीय, आपण मागे का. मेहुण्याचं दुकान चाललं पाहिजे, हे तो बोलला नाही. ते गाडी न्यायला निघाले, तेव्हा नणंदेने ती सोसायटीच्या कचेरीच्या दाराला चिकटवून लावली, हँडब्रेक ओढला आणि चावी कमरेला खोचली. "काढायला या," म्हणाली. कुणी आलं नाही. आतला सेक्रेटरी पोट आत घेऊन आडवा-तिडवा बाहेर पडला, आणि ठराव तिथेच आत राहिला. आमची गाडी अजून जशी आली तशीच आहे.

पण शिवणवालीची खिडकी रविवारी पुन्हा बंद असते. कारण मेहुण्याच्या दुकानात चिप बसवून जाळी काढलेल्या नव्याकोऱ्या गाड्या मजेसाठी वर येतात. ना आजारी, ना सिलिंडर, टपावर नुसते दिवे. एकाला मी अडवलं.

"ताई, गाडी माझी, पैसे माझे."

"मग धूरही तुझाच ना? घेऊन जा घरी, बायकोला दे."

तो काच वर करून निघून गेला. स्वतःच्या नाकाची काळजी होती त्याला!

म्हणून तुम्हाला सांगते. दारात नवी गाडी असेल आणि कुणी चिपचा मोह घालत असेल, तर आधी आमच्या चढावर या. छोटी दांडी कशी ओढायची, ते वन्स शिकवतील, शिव्यांसकट. मग त्या मेहुण्याला त्याची गाडी काढायला सांगा, तुम्ही शिवणवालीच्या स्टुलावर बसा, खिडकी उघडी ठेवा, आणि त्याची चिपवाली गाडी वर जाताना बघा. तेवढं करा. आणि तोवर त्या जाळीला कुणाला हात लावू देऊ नका.