बाबांचा हीटर महाडला उतरला

जानेवारीत व्हॅन बाहेर काढायची ठरली ती बाबांच्या हट्टामुळे. पुण्याहून भोर, वरंधा घाट उतरून महाड, मग पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, असा बेत होता. गाडी मी चालवते. मागे आई-बाबांपुरता पलंग, एक शेगडी आणि बाबांचा हीटर.

हा हीटर म्हणजे बाबांचा जीव. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो लडाखला जाऊन आलेल्या एका माणसाकडून जुनाच घेतला आणि स्वतः गाडीत बसवला. पलंगाखालच्या धातूच्या पेटीत डिझेल जळतं, धूर नळीने गाडीखालून बाहेर जातो आणि पंखा गरम हवा आत सोडतो. हिवाळ्यात आईचे गुडघे धरतात, म्हणून केलेला खटाटोप.

वरंधा घाट अरुंद आहे. पावसाळ्यात जाणार असाल तर रस्ता चालू आहे का, ते आधी विचारा. जानेवारीत मात्र वळणावळणाला थांबावंसं वाटतं. घाट उतरून वरंध गावात एका घराच्या अंगणात गाडी लावायची परवानगी मिळाली. घरच्या आजींनी आत डोकावून आईला विचारलं, "गो बाय, हितंच झोपता? थंडी नाय वाजत?"

"हीटर आहे आमच्याकडे," उत्तर बाबांनी दिलं.

आजींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं दिलं. आईने डोक्याशी असलेली खिडकी नेहमीसारखी बोटभर उघडी ठेवली आणि बाबा नेहमीसारखे कुरकुरले, "ऊब सगळी बाहेर घालवतेस." मी पुढच्या सीटवर, माझी काच खाली करून झोपले.

सकाळी हीटर खोकायला लागला. पांढरा धूर सोडून बंदच पडला. बाबा म्हणाले, "किरकोळ असेल. महाडला दुरुस्त करून घेऊ."

महाडच्या बाहेर, महामार्गालगत ट्रकची कामं करणाऱ्या दिलीपच्या गॅरेजात आम्ही थांबलो. त्याने हीटर काढून बाकावर उघडला. पंख्याच्या बाजूला बोट फिरवलं, तर बोट काळं झालं.

"काका, ही काजळी हिकडं यायला नको. पेटीला चीर हाय. धूर आत येतोय." मग त्याने आमच्याकडे पाहिलं. "गाडीत झोपल्यावर डोकं दुखतं काय कुणाचं?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "माझं दुखतं. मागच्या हिवाळ्यापासून. खिडकी उघडी ठेवली की कमी होतं."

त्या बोटभर फटीमुळेच आम्ही धडधाकट माणसांसारखे चहा पीत तिथे बसलो होतो.

"जोडून देतो, दुपारपर्यंत होईल," दिलीप म्हणाला. "पण आगीची जागा हाय. किती दिवस टिकंल ते नाय सांगू शकत." नवा घेण्याच्या मानाने खर्च अगदीच थोडा होता. मला वाटलं बाबा हो म्हणतील. ते उठले, पेटीतली चीर उन्हात धरून नीट पाहिली.

"जोडू नका," ते म्हणाले. "डिझेलची नळी बंद करा, खालची भोकं बुजवा. आणि हा इथेच ठेवा, परत कुणी बसवायला नको."

पोलादपूरला एका हॉटेलात मिसळ खाताना बाबांनी हळूच विचारलं, "अगं, सांगायचंस ना."

"अहो, तुम्ही रोज सकाळी विचारायचात, ऊब लागली का म्हणून. इतक्या हौसेने विचारायचात. कसं सांगणार होते?"

परत फिरू या, असं बाबांचं म्हणणं पडलं. आईने ऐकलं नाही. पोलादपूरच्या बाजारात तिने दोन जाड ब्लँकेटं घेतली आणि आम्ही डावीकडचा महाबळेश्वरचा फाटा धरला. आंबेनळी घाटात एका वळणावर थांबलो. खालची सगळी खोरी संध्याकाळच्या उन्हात तांबूस झाली होती. आई-बाबा गाडीच्या पायरीवर एकाच ब्लँकेटात बसले होते आणि बाबा तिचे गुडघे चोळत होते. वर पोहोचल्यावर लॉजमध्ये खोली घेतली.

तुमच्याही गाडीत असा हीटर असेल, तर पंखा किंवा वायर गेली असताना दुरुस्ती जरूर करा. जळणाच्या पेटीला चीर गेली असेल, तर जोडत बसू नका, बदला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारी घंटीही लावा. या वायूला वास नसतो.

पुण्याला आल्यावर आम्ही नवा हीटर आणला. या वेळी बाबांनी तो कारागिराकडून बसवून घेतला, घंटी आधी लावली, आणि सोसायटीच्या आवारात भरदुपारी चालू करून आईला पलंगावर आडवं व्हायला लावलं. स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसले. दर थोड्या वेळाने विचारत होते, "कसं वाटतंय? डोकं?"

"काही नाही हो. बरं आहे."

"नक्की?"

आईने डोळे मिटूनच त्यांचा हात शोधला. "दुखलं तर सांगेन," ती म्हणाली. "आता सांगेन."