दीडपट वेगातले सर

माझा स्वभाव पहिल्यापासून घायकुतीचा. आई म्हणायची, हिला भात मुरेपर्यंतसुद्धा दम निघत नाही. त्या घाईपायी मी एका बाईचं जे नुकसान केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी उत्रोलीहून सायकलने भोरला यायचे, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचे. शाळेत आम्हाला नागरिकशास्त्र शिकवणारे सर तोवर निवृत्त झाले होते. दम्यामुळे वर्ग घेणं झेपत नव्हतं, म्हणून ते घरीच टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन राज्यघटनेचे धडे कॅसेटवर बोलून ठेवायचे. माझ्यासाठी आणि भोंगवलीच्या माझ्या मैत्रिणीसाठी, आणि तेही फुकट. कॅसेट आणायला गेलं की त्यांची बायको, आमच्या चाची, चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

सर बोलायचे मात्र बैलगाडीच्या चालीने. एक वाक्य झालं की "लिहा" म्हणायचे आणि खरोखरच थांबायचे, आम्ही समोर वह्या उघडून बसलोय असं धरून. मध्येच खोकायचे. अजान सुरू झाली की ती संपेपर्यंत गप्प राहायचे. पण टेप बंद करायचे नाहीत, कारण एकदा बंद केलेलं यंत्र पुन्हा चालू होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि दर थोड्या वेळाने आत हाक जायची, "अगं, ऐकतेस का? पाणी दे जरा."

हे सगळं ऐकताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. क्लासमध्ये आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर हाती लागलं आणि मी कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली. सर थांबले की पडद्यावर सपाट रेघ यायची. ती माउसने धरायची आणि उडवायची. मग खोकला उडवला, अजान उडवली, चाचींना मारलेल्या हाकाही उडवल्या. उरलेल्याचा वेग वाढवला, तर पहिल्यांदा सर चिमणीसारखे चिवचिवले. हसून हसून माझी पुरेवाट झाली. पुढे आवाज न बदलता वेग वाढवायची सोय सापडली आणि दीड तासाचा धडा चाळीस मिनिटांत बसला.

मैत्रिणीकडे कॉम्प्युटर नव्हता. म्हणून तीच कॅसेट दोन्ही बाजूंनी पुसून मी तो आवळलेला धडा तिच्यावर परत भरायचे आणि एसटीने भोंगवलीला धाडायचे. कॅसेट फिरून सरांकडे आली की ते तिच्यावरच पुढचा धडा बोलायचे. कॉम्प्युटरात जागा पुरत नाही म्हणून मूळ धडे मी पुसून टाकत होते. "लिहायला वेळ पुरतो ना?" सर विचारायचे. मी "हो सर" म्हणायचे.

आमची परीक्षा व्हायच्या आतच सर गेले. चाची नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीत होत्या, घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांनी निरोप धाडला, सरांचा आवाज घेऊन ये. मी कॉम्प्युटरवर वेग उतरवून पाहिला. शब्द नुसते ताणले गेले, सर काही परत आले नाहीत. शेवटी मैत्रिणीकडून आलेली कॅसेट तशीच घेऊन गेले.

चाचींनी टेप लावला. जरा वेळाने म्हणाल्या, "ह्ये कोन बोलतंय?"

"सरच आहेत, चाची."

"असं कुठं बोलायचे ते? मागं कुत्रं लागल्यावानी."

तरी त्यांनी एक अख्खी बाजू टेपला कान लावून ऐकली. कॅसेट थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, यात मला हाक न्हाई का मारली कुठं? हितं बसले की सारखी मारायचे."

हाका होत्या. कितीतरी होत्या, आणि एकेक निवडून मी स्वतःच्या हाताने उडवली होती. ते सांगायचं धैर्य मला झालं नाही.

"नाही चाची," मी म्हणाले. "कॅसेटवर सर फक्त शिकवायचे."

"येवढ्या येळा कॅसेट भरली, एकदाबी न्हाई?"

"नाही."

त्यांनी बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. मग म्हणाल्या, "असंल. शेवटी शेवटी माजा कंटाळाच आला असंल त्यान्ला."

निदान तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी चहा प्यायले आणि सायकल काढली.