पोटात घेण्यासाठी नाही

गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना थेंबकाका म्हणायची. चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीआड बसून त्यांनी औषधं मोजून दिली, तेव्हा हे नाव चिकटलं. बारा थेंब म्हणजे बारा! तेरावा पडला तर हा माणूस बाटली धुऊन पुन्हा एकपासून सुरुवात करणार. रांगेतले लोक त्यांच्या नावानं बोटं मोडायचे, पण पोर तापानं फणफणलं की त्याच खिडकीशी धावायचे. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. घरात मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर', खाली तारीख. आता मीठ कधी शिळं होतं का? पण यांना सांगणार कोण!

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा कामासाठी सहा महिने दुसऱ्या शहरात गेलेला. घरात उरले थेंबकाका आणि सून. सून रानाकडच्या गावातली, मोकळं हसणारी. ती आल्यापासून स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणायला लागलं होतं, आणि काकांना ते इतकं आवडायचं की विचारू नका. पण तोंडानं कबूल करतील तर शपथ! तोंडानं काय, तर "गमबूट कागदावर ठेव" आणि "चमचा जिथला तिथे".

त्या शनिवारी सून सकाळीच शहराबाहेरच्या रानात गेली आणि टोपलीभर अळंबी घेऊन आली. दुकानातल्या डब्यातली पांढरीशुभ्र नव्हे. तपकिरी, मातकट, पालापाचोळा चिकटलेली. एकीच्या टोपीवर तर गोगलगाय ऐसपैस बसलेली. टोपली ओट्यावर ठेवून ती अंघोळीला गेली.

काका टोपलीसमोर उभे राहिले. रानातली अळंबी खाऊन दवाखान्यात आलेलं एक कुटुंब त्यांनी फार पूर्वी पाहिलं होतं. त्यातला बाप परत घरी गेला नव्हता. काकांचा हात आपसूक खणाकडे गेला. तिथं दवाखान्यातून उरलेली लाल लेबलं होती, मलमाच्या आणि चोळायच्या तेलाच्या बाटल्यांवर लावायची. त्यांनी एक ओलं केलं आणि टोपलीला चिकटवलं: 'पोटात घेण्यासाठी नाही'. बोलण्यापेक्षा लेबल बरं, हा त्यांचा जन्माचा खाक्या.

सून केस पुसत बाहेर आली. तिनं वाचलं. हसली नाही.

"बाबा, आठ महिने माझ्या हातचं खाताय ना?"

"अगं, तुझ्यावर कुठं लावलंय? त्या अळंबीवर..."

"ती आणली कुणी? लहानपणापासून आईच्या मागं रान तुडवलंय मी. मला मनापासून येतं असं हे एक काम, आणि तुम्ही न विचारता त्यावर शिक्का मारलात." तिनं तिथंच फोन उचलला आणि भावाला सांगितलं, "सोमवारी गाडी घेऊन ये. मी येतेय तिकडे. परत कधी जायचं ते बघू नंतर."

ही गेली की घर पुन्हा सुट्टीच्या दिवशीच्या दवाखान्यासारखं होणार, हे काकांना लख्ख दिसलं. चुकलो म्हणायचं होतं, दोन शब्द! पण जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

तेवढ्यात शेजारची शिंपीणमावशी डोकावली. "त्यात चांदीची अंगठी टाक गं. काळी पडली तर विष!"

"अंगठीला काय कळतंय, मावशी? कळायचं ते आपल्याला कळलं पाहिजे," सून म्हणाली आणि निवडायला बसली. मावशी "आपण सांगायचं काम केलं" म्हणत निघून गेली.

काका दाराशी उभे राहून बघत होते. सून एकेक अळंबी उलटी करायची, टोपीखालचे पापुद्रे बघायची, देठाचं बूड निरखायची, हुंगायची आणि मगच ताटात ठेवायची. घाई नाही. शेवटी सगळ्यात देखणी, तळहाताएवढी अळंबी हातात आली. तिनं ती दोनदा फिरवली आणि सरळ कचऱ्यात टाकली.

काकांना राहवेना. "अगं, ती का टाकलीस? एवढी छान होती."

"बूड जमिनीतच राहिलंय. बूड बघितल्याशिवाय मी ओळख सांगत नाही. बहुतेक चांगलीच असेल."

"बहुतेक?"

"बहुतेक म्हणजे नाही, बाबा. शंका आली की टाकायची."

काका स्टुलावर बसले. अहो, हे तर त्यांचंच वाक्य! लेबल फाटलेली बाटली कितीही भरलेली असो, डॉक्टर कितीही ओरडोत, काका ती मोरीत ओतून मोकळे व्हायचे. त्यापायी किती बोलणी खाल्ली! चाळीस वर्षांत आपल्यासारखं दुसरं माणूस त्यांना भेटलं नव्हतं, आणि ते आठ महिने त्यांच्याच दाराशी गमबूट वाळत घालत होतं.

सुनेनं लोण्यावर कांदा-लसूण परतला, अळंबी टाकली, चांगली शिजू दिली, वरून मीठ-मिरपूड घातली. घरभर वास सुटला. मग तिनं एकच ताट वाढलं आणि एकटीच खायला बसली.

"माझं ताट?"

"आमच्याकडे खुडणाऱ्यानं आधी खायचं. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी."

"काही विषं दुसऱ्या दिवशीही तोंड उघडत नाहीत, सूनबाई."

"माहितीय मला. म्हणून तर ओळख पक्की लागते. हे आधी खाणं म्हणजे परीक्षा नाही. खुडणाऱ्याची जबाबदारी असते ती."

काका उठले. टोपलीवरचं लेबल नखानं खरवडू लागले. चिकटवताना क्षणभर लागला होता. निघताना मेलं तुकड्यातुकड्यानं निघालं. शेवटचा कपटा सुटल्यावर त्यांनी हात धुतले, ताट घेतलं आणि सुनेसमोर बसले.

"आमच्या खिडकीतून दुसऱ्यानं तपासल्याशिवाय बाटली बाहेर जात नसे. आज तू निवडत होतीस, मी बघत होतो. जबाबदारी दोघांची. वाढ." मग ताटाकडे बघतच म्हणाले, "आणि चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

सुनेनं वाढलं. पहिला घास काकांनी कडू काढा प्यावा तसा डोळे मिटून घेतला. मग चावता चावता डोळे उघडले. मऊ, तरी दाताला लागणारं, लोण्यात मुरलेलं, आणि मागाहून रानातल्या मातीसारखी एक चव. साठी उलटून गेली, आणि हे आत्ता कळतंय!

"आणखी वाढ."

"किती?"

"मोजू नकोस," थेंबकाका म्हणाले.

सून खळखळून हसली. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

रविवार गेला, सोमवार उजाडला. दोघंही ठणठणीत. सकाळीच तिनं भावाला फोन लावला. "येच तू, पण मला न्यायला नको. येताना तुझे जुने गमबूट आण. बाबा येणारेत माझ्याबरोबर रानात. हो रे, खरंच! त्यांना नऊ नंबर लागतो."

"साडेआठ!" आतून आवाज आला.